उडत्या लयीतला निवांतपणा : एका श्रवणसत्राच्या प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर २०२५

विषय ठरला. फ्रँक सिनात्रा गायक, नेल्सन रिडल संयोजक (म्हणजे गाण्यामागचा वाद्यमेळ लिहिणारा), कॅपिटॉल रेकॉर्ड्सची १९५६ सालची 'साँग्ज फॉर स्विंगिंग लव्हर्स' ही एलपी (मोठी तबकडी). पुण्यातल्या आमच्या बैठकीत आजवर रागसंगीत आणि जुनी सिनेगीतं ऐकली गेली. पाश्चात्त्य गाण्याची सबंध तबकडी पहिल्यांदाच लावणार आहोत.

तारीख ११ जानेवारी, रविवार. या रेकॉर्डमधलं सगळ्यात गाजलेलं गाणं १२ जानेवारी १९५६ ला ध्वनिमुद्रित झालं. त्याला ७० वर्षं होतील त्या दिवशी सोमवार येतो, म्हणून एक दिवस आधी.

पूर्वार्धात ऐकणं आणि बोलणं. उत्तरार्धात संयोजन शिकणारी आमची मुलं एका गाण्याचा छोटा वाद्यमेळ प्रत्यक्ष वाजवतील. नोटेशन मी लिहिणार. मूळ वाद्यवृंदात व्हायोलिनांचा ताफा, बासऱ्या, सॅक्सोफोन, ट्रंपेट, ट्रॉम्बोन, सगळंच आहे. आमच्याकडे जेमतेम डझनभर माणसं जमतील. त्यात काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे ठरवणं म्हणजेच मुलांचा अभ्यास.

मला दाखवायचंय ते एवढंच: लय उडती असूनही या रेकॉर्डमध्ये कुणालाच घाई नाही. हा निवांतपणा येतो कुठून, ते शोधायचं.

१३ नोव्हेंबर

पार्श्वभूमीची पानं लिहून काढली. बैठकीत यावर दहा मिनिटांपेक्षा जास्त जायला नकोत, पण मुलांच्या हातात देण्याच्या कागदात सविस्तर असू दे.

१९५२ पर्यंत सिनात्रा संपला असंच सगळे धरून चालले होते. चाळीसच्या दशकात ज्याच्या नावानं तरुण मुली किंचाळायच्या, त्याला कोलंबिया कंपनीनं सोडून दिलं. कोलंबियात त्याचा संयोजक होता अ‍ॅक्सल स्टोर्डाल : मऊ, तरल व्हायोलिनं, संथ प्रेमगीतं. १९५३ मध्ये कॅपिटॉलनं त्याला घेतलं. ३० एप्रिल १९५३ च्या ध्वनिमुद्रणाला वाद्यवृंदासमोर नेल्सन रिडल उभा होता. वय ३१. सिनात्राला हे नाव फारसं ओळखीचं नव्हतं. त्या दिवशी 'आय हॅव गॉट द वर्ल्ड ऑन अ स्ट्रिंग' वाजलं, आणि हे संयोजन कुणी लिहिलंय, असं त्यानं विचारलं. पुढची कितीतरी वर्षं मग या दोघांची जोडी टिकली.

रिडलचं नाव ओळखीचं नसण्यामागे एक जुनं दुखणं आहे. १९५० साली गायक नॅट किंग कोलचं 'मोना लिसा' अमेरिकाभर गाजलं. ते संयोजन रिडलचं. तबकडीवर नाव छापलं गेलं वाद्यवृंद चालवणाऱ्या लेस बॅक्स्टरचं. आपल्याकडे हे कुणाला नवं वाटणार नाही. मुंबईच्या स्टुडिओंत गोव्याच्या कितीतरी वादकांनी सिनेसंगीताचं संयोजन केलं आणि पडद्यावर त्यांची नावं आली तर 'सहायक' म्हणून आली. सेबॅस्टियन डिसोझा फाळणीआधी लाहोरच्या हॉटेलात बँड चालवायचे. मुंबईत आल्यावर त्यांनी ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांना वाद्यवृंद दिला. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या गाण्यांत स्विंगचा (अमेरिकन जॅझच्या उडत्या लयीचा) जो ठसका आहे, त्यामागे हळदोण्याचे चिक चॉकलेट उभे आहेत. याबद्दल बैठकीत बोलणारच. गाणं गुणगुणताना गायक आठवतो, फार तर संगीतकार आठवतो. गाणं पेलणारा तिसरा माणूसही माहीत असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

१६ नोव्हेंबर

गाण्यांची यादी सालांसह मांडली. एकूण १५ गाणी. सगळ्यात जुनं 'स्विंगिंग डाउन द लेन', १९२३ चं. 'मेकिंग व्हूपी' १९२८, 'इट हॅपन्ड इन मॉन्टेरे' १९३०, 'एनिथिंग गोज' १९३४, 'पेनीज फ्रॉम हेवन' १९३६, 'टू मार्व्हलस फॉर वर्ड्स' १९३७, 'लव्ह इज हिअर टू स्टे' १९३८. सगळ्यात नवं 'ओल्ड डेव्हिल मून', तेही १९४७ चं. म्हणजे १९५६ साली या रेकॉर्डवर नऊ वर्षांपेक्षा कोवळं एकही गाणं नव्हतं.

यांना तिकडे स्टँडर्ड्स म्हणतात. बहुतेक गाणी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या नाटकांतून आणि हॉलिवुडच्या चित्रपटांतून आली. नाटक पडद्याआड गेलं, चित्रपट विस्मरणात गेले, गाणी गायकांच्या तोंडी राहिली. नाट्यसंगीत नाटकाबाहेर मैफलीत कसं जगलं हे माहीत असलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. बंदिश सगळ्यांची, मांडणी ज्याची त्याची.

एक तारीख मुद्दाम लिहून ठेवते. ध्वनिमुद्रण मुख्यतः जानेवारी १९५६ मध्ये ९, १०, १२ आणि १६ या दिवशी हॉलिवुडात झालं. त्यातल्याच १० तारखेला तिकडे नॅशव्हिलमध्ये एल्व्हिस प्रेस्ली 'हार्टब्रेक हॉटेल' ध्वनिमुद्रित करत होता. एकाच दिवशी दोन शहरांत दोन अमेरिका गात होत्या. सिनात्रा तेव्हा ४० वर्षांचा होता.

२० नोव्हेंबर

आज फक्त लय.

मेट्रोनोम (लय मोजायचं यंत्र) घेऊन सगळी गाणी तपासली. रेकॉर्डच्या नावात 'स्विंगिंग' आहे म्हणून लोक धावती लय अपेक्षित करतात. प्रत्यक्षात बरीच गाणी मध्यलयीत आहेत. जलद चालण्याची लय म्हणावी, पळण्याची नाही. सिनात्राबरोबरच्या आपल्या उत्तम गाण्यांची लय हृदयाच्या ठोक्यांची आहे, असं रिडल म्हणत असे. त्याच्या मते या लयीत ऐकणारा नकळत ओढला जातो.

ठेका अढळ आहे. बेस आणि ड्रम्स एका रेषेत चाललेत, त्यांच्यात कुठलीच हालचाल नाही. आणि गायक त्या रेषेच्या किंचित मागे. शब्द ठोक्यावर पडत नाही, जरा रेंगाळून पडतो. मग पुढच्या शब्दाला तो सगळा उशीर भरून काढतो आणि ओळीच्या शेवटी ठेक्याला येऊन मिळतो. आमच्या गायिकेनं ठुमरीचं शिक्षण घेतलंय. तिला हे एकदा ऐकवलं तर ती लगेच म्हणाली, "ताई, हा समेला धरून नाही, समेकडे बघत गातोय."

हे जमायचं तर खालचा ठेका भक्कमच हवा. साथ डगमगली की रेंगाळणं आणि बेताल होणं यातला फरक कळेनासा होतो. मुलांना आधी बेस आणि ड्रम्स एवढंच वाजवायला सांगणार आहे, मधे काहीच नाही. कंटाळा येईल, येऊ दे.

२३ नोव्हेंबर

गाणं निवडलं : 'आय हॅव गॉट यू अंडर माय स्किन'. गीतकार-संगीतकार कोल पोर्टरचं, १९३६ च्या 'बॉर्न टू डान्स' चित्रपटातलं. अवघड आहे, पण संयोजनाचे सगळे धडे या एका गाण्यात सापडतात.

पहिली गंमत रचनेतच. त्या काळचं नेहमीचं गाणं ३२ बारचं (बार म्हणजे ठराविक ठोक्यांचा एक खंड) : एक ओळ, तीच पुन्हा, मध्ये वेगळी ओळ, शेवटी पहिलीवर परत. हे गाणं ५६ बारचं आहे. पोर्टर सहजासहजी मागे वळत नाही, नवनव्या चढणी घेत जातो. त्यामुळे संयोजकाला नेहमीच्या जागी विसावता येत नाही. उत्कर्ष कुठे आणायचा हे त्याला स्वतःच ठरवावं लागतं.

या बाबतीत रिडलचं सूत्र होतं. आधी गाण्याचं शिखर शोधायचं, सगळं संयोजन तिथवर चढवत न्यायचं, आणि मग उतरायचं. शिखर शेवटाला नाही, साधारण दोन-तृतीयांश वाट सरल्यावर. इथेही तसंच आहे. सुरुवातीला खर्जात एक छोटी आकृती (पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा तुकडा) आणि तिच्यावर सेलेस्टा या घंटेसारख्या नाजूक आवाजाच्या वाद्याचे थेंब. पहिला पूर्ण फेरा गायक जवळजवळ बोलल्यासारखा गातो. मग तो थांबतो आणि वाद्यवृंद चढू लागतो. शिखरावर ट्रॉम्बोन फुटतो. गायक परत येतो तो थेट वरच्या पट्टीत, पूर्ण ताकदीनं. आणि शेवटी सगळं पुन्हा त्या खर्जाच्या आकृतीवर येऊन निवतं. ३ मिनिटं ४३ सेकंद.

२७ नोव्हेंबर

त्या मधल्या चढणीची कथा बैठकीत नक्की सांगायची, कारण तिच्यातून स्टुडिओतलं सहकार्य कळतं.

हे गाणं ऐनवेळी यादीत आलं. सिनात्राला मध्ये एक लांबलचक क्रेशेंडो (हळूहळू चढत जाणारा आवाज) हवा होता. हाताशी वेळ नव्हता. रिडलनं रात्रीतून संयोजन लिहायला घेतलं. स्टुडिओकडे निघाले तेव्हाही ते पुरं झालं नव्हतं. गाडी बायको चालवत होती आणि हा मागे बसून लिहीत होता.

क्रेशेंडोचा नमुना त्याच्या मनात होता फ्रेंच संगीतकार राव्हेलच्या 'बोलेरो'चा. १९२८ ची ती रचना म्हणजे एकच ठेका, एकच सुरावट, आणि सुमारे पाव तास नुसता चढता आवाज. पण हा चढ साडेतीन मिनिटांच्या गाण्यात बसवायचा कसा? वाट दाखवली वाद्यवृंदातल्याच जॉर्ज रॉबर्ट्सनं. तो बास ट्रॉम्बोन (खालच्या सुरांचा ट्रॉम्बोन) वाजवायचा आणि पूर्वी स्टॅन केंटनच्या जॅझ बँडमध्ये होता. केंटनसाठी बिल रूसोनं लिहिलेली '२३ डिग्रीज नॉर्थ, ८२ डिग्रीज वेस्ट' ही रचना (हे अक्षांश-रेखांश हवानाचे) ट्रॉम्बोनांच्या एकमेकांत गुंतलेल्या लॅटिन ठेक्यावर उभी आहे. तोच विचार इथे आला. बास ट्रॉम्बोन एक आकृती धरतो, तिच्यावर दुसरा ट्रॉम्बोन, त्यावर तिसरा, आणि वर व्हायोलिनं ताणत जातात.

म्हणजे कोल पोर्टरच्या गाण्यात राव्हेलचा चढ, हवानाचा ठेका, आणि तो सुचवणारा संयोजक नसून मागच्या रांगेत बसलेला वादक. मुंबईच्या स्टुडिओंत काम केलेल्या ज्येष्ठांकडून अशाच गोष्टी ऐकल्यात : पीस बसत नाही, मागून एखादा व्हायोलिनवाला दबक्या आवाजात काही सुचवतो आणि गाणं उभं राहतं. वादकाचं ऐकणारा संयोजक मला नेहमीच मोठा वाटत आला आहे.

२ डिसेंबर

वादकांची जुळवाजुळव. दोन व्हायोलिनं, एक चेलो, बासरी (पाश्चात्त्य), क्लॅरिनेट, ट्रंपेट, दोन ट्रॉम्बोन, कीबोर्ड, बेस, ड्रम्स, आणि गायिका. व्हायोला मिळाला नाही.

ट्रॉम्बोनसाठी लग्नाच्या ब्रास बँडमधले एक काका तयार झालेत. पन्नाशी ओलांडलेले, नोटेशन वाचतात, वडीलही बँडमध्येच होते. पण तुळशीचं लग्न लागलं की त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. "ताई, पौष लागू द्या. मग रोज या म्हणालात तरी येतो." पौष २१ डिसेंबरला लागतोय. म्हणजे त्यांच्यासोबतच्या तालमी त्यानंतरच. दुसरा ट्रॉम्बोन कँपातल्या चर्चमध्ये वाजवणारा एक तरुण मुलगा. काकांचं वाद्य व्हॉल्व्हचं आहे, मुलाचं सरकत्या दांड्याचं. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरेल.

५ डिसेंबर

पट्टीचा प्रश्न. सिनात्रा डी-फ्लॅट पट्टीत (डीपेक्षा अर्धा सूर खाली) गातो. आमच्या गायिकेसाठी वर न्यावं लागणार.

डी-फ्लॅट सप्तकात व्हायोलिनच्या चारही मोकळ्या तारांपैकी एकही सूर येत नाही : जी नाही, डी नाही, ए नाही, ई नाही. प्रत्येक सूर बोटाखाली दाबूनच काढायचा. मोकळ्या तारेचा तो लखलखीत, थोडा टणक आवाज कुठेच येत नाही, आणि प्रत्येक सुराला कंप देता येतो. या रेकॉर्डमधली व्हायोलिनं इतकी उबदार का वाटतात, याचा निदान एक भाग इथे आहे. पट्टी गळ्यासाठी निवडली असणार, पण तारांच्या आवाजावर परिणाम झालाच. शिवाय ट्रॉम्बोन-ट्रंपेटला फ्लॅटच्या पट्ट्या सोयीच्या.

ए-फ्लॅट घेतलं. एक मोकळी तार येते, जी. व्हायोलिनवाल्या मुलांना सांगितलंय की तो सूरही दाबूनच वाजवा. कुरकुर झाली. मग दोन्ही प्रकारे वाजवून दाखवलं आणि कुरकुर थांबली.

१० डिसेंबर

आज फक्त मोकळ्या जागांचा नकाशा काढला. मोठ्या कागदावर वर गायकाची ओळ, खाली वाद्यवृंद. गायक शब्द म्हणत असताना वाद्यवृंदात काय आहे? बहुतेक वेळा काहीच नाही, किंवा एखादा लांब धरलेला सूर. ओळ संपली, गायकानं श्वास घेतला, की तेवढ्यात बासऱ्या एक वाक्य बोलून जातात, किंवा ट्रंपेट.

हा ट्रंपेट हॅरी 'स्वीट्स' एडिसनचा. काउंट बेसीच्या जॅझ बँडमध्ये वाढलेला वादक. म्यूट (आवाज दबवणारं झाकण) लावून दोन-तीन सुरांत तो सगळं बोलतो, कधी कधी तर एकच सूर चार वेळा. त्याच्यापुढे नोटेशन नसायचं, गायकाचं ऐकायचं आणि फटीत बोलायचं. सारंगीवाला गायकाच्या मागोमाग जातो तसा तो जात नाही. गायक थांबला की मगच तोंड उघडतो.

संयोजनाच्या पहिल्या वर्षाच्या मुलांची एक सवय असते : जागा दिसली की भरायची. भरलेलं संयोजन कागदावर भारदस्त दिसतं. या नकाशात त्यांना रिकाम्या जागा रंगवायला देणार आहे. लाल रंग शांततेचा.

१४ डिसेंबर

तारवाद्यांची पहिली तालीम. नोंद थोडक्यात : सूर बरे, वजन जास्त. सांगितलं की इथे व्हायोलिनांनी स्विंग करायचं नाही. ठेक्याचं काम खाली चाललंय. तुम्ही सरळ, लांब गज ओढा. खालचं उडतं आणि वरचं तरंगतं, या दोन्हींत जे अंतर पडतं त्यात गायक उभा राहतो.

मूळ रेकॉर्डवर व्हायोलिनांच्या अग्रस्थानी फेलिक्स स्लॅटकिन असे. हॉलिवुड स्ट्रिंग क्वार्टेटचा तो पहिला व्हायोलिनवादक. दिवसा चित्रपटांच्या स्टुडिओत काम, आणि त्याच मंडळींच्या हातून बीथोवनच्या चौकडीही (चार तारवाद्यांच्या रचना) तितक्याच तयारीनं वाजत. पॉप गाण्याच्या मागे अशी माणसं बसलेली होती. अँथनी गोन्साल्विस यांचं नाव इथे निघालं. माजोर्ड्याचा हा व्हायोलिनवादक सिनेसंगीतात संयोजन करायचा आणि १९५८ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःचा सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. मुलांना ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त त्या नावाचं सिनेमातलं गाणं माहीत होतं.

२३ डिसेंबर

पौष लागला, काका आले.

चढणीची आकृती त्यांना दिली. पहिल्याच वेळी ठेका पक्का बसला. वर्षानुवर्षं वरातीत चालत वाजवलेल्या माणसाच्या अंगात ठेका मुरलेलाच असतो. पण आकृती न थांबता पुन्हा पुन्हा येते आणि आवाज हळूहळूच वाढवायचाय. ते म्हणाले, "ताई, श्वास कुठं घ्यायचा ते लिहून द्या. चालताना आम्ही पावलावर घेतो, इथं बसून कळंना."

या प्रश्नाशी या रेकॉर्डचं सगळं मूळ येऊन भिडतं. सिनात्रा १९४० ते ४२ टॉमी डॉर्सीच्या बँडमध्ये गायचा. डॉर्सी ट्रॉम्बोन वाजवायचा आणि त्याची ओळ तुटतच नसे. हा श्वास घेतो तरी कधी, हे सिनात्रा मागे बसून त्याच्या पाठीकडे बघत शोधायचा. तोंडाच्या कोपऱ्यातून चोरून घेतलेला श्वास होता तो. मग सिनात्रानं पोहून, पाण्याखाली दम धरून छाती तयार केली आणि दोन ओळी एका श्वासात बांधायला शिकला. आणि नेल्सन रिडल? तोही ट्रॉम्बोनवालाच, तोही डॉर्सीच्याच बँडमध्ये, पण १९४४-४५ ला. दोघांची तिथे गाठ पडली नाही. शाळा मात्र एकच. ट्रॉम्बोनवाल्यानं लिहिलेल्या संयोजनात, ट्रॉम्बोनकडून श्वास शिकलेला गायक, आणि शिखरावर ट्रॉम्बोनच. हे जुळणं मला फार मोलाचं वाटतं. या जोडीचा निवांतपणा मी लयीत शोधत होते, तो आधी श्वासात आहे. श्वास पुरतो म्हणून घाई लागत नाही.

काकांच्या आणि मुलाच्या ओळी एकमेकांना ओलांडून लिहिल्या : एक श्वास घेतो तेव्हा दुसरा धरून असतो. आकृती कुठेच तुटत नाही.

२८ डिसेंबर

सोलोचा (एकट्या वाद्याच्या तुकड्याचा) निर्णय. मूळ सोलो मिल्ट बर्नहार्टचा. तोही केंटनच्याच बँडमधून आलेला. त्या रात्री टेक (ध्वनिमुद्रणाच्या फेऱ्या) फार झाले, २२ पर्यंत गेले असं सांगतात. दरम्यान ट्रॉम्बोन मायक्रोफोनच्या जवळ यायला हवा असं निघालं. माइक उंचावर होता. तेव्हा सिनात्रा स्वतः जाऊन एक खोकं घेऊन आला आणि बर्नहार्ट त्यावर उभा राहिला. आपलं उत्तम वादन पहिल्या काही टेकमध्येच होऊन गेलं होतं, असं बर्नहार्टनं पुढे सांगितलं. जो टेक तबकडीवर आला तो तरीही असा आहे!

चर्चचा मुलगा तो सोलो सुरासूर उतरवून घ्यायला बसला होता. मी थांबवलं. त्या जागी फक्त कॉर्ड (एकत्र वाजणारे सूरसमूह) लिहून दिल्या. बर्नहार्टनंही लिहिलेलं वाजवलं नव्हतं. घसरते सूर, दांडा सरकवताना येणारी ती किंकाळी, हे त्याच्या वाद्यात आहे. काकांच्या व्हॉल्व्हच्या ट्रॉम्बोनवर ते येणार नाही, म्हणून सोलो मुलाकडे आणि पाया काकांकडे. काकांनी त्याला एवढंच सांगितलं, "बाळा, लवकर वर जाऊ नको. वर गेलास की मग जायला जागा राहत नाही." रिडलच्या सूत्राचं याहून चांगलं मराठी मला करता आलं नसतं.

२ जानेवारी २०२६

ऐकण्याच्या भागाची मांडणी. रेकॉर्ड मोनोच (एकाच ध्वनिवाहिनीत) लावायची. ती मोनोतच केलेली आहे आणि गायक, वाद्यवृंद सगळे एका वेळी एका खोलीत. नंतर वेगळा आवाज भरणं नाही. तोल जो साधायचा तो तिथेच, त्याच क्षणी. ध्वनिमुद्रक जॉन पॅलाडिनो, निर्माता व्हॉयल गिलमोर. मेलरोज अ‍ॅव्हेन्यूवरचा स्टुडिओ. कॅपिटॉलचा तो गोल मनोरा तेव्हा पुरा व्हायचा होता. सिनात्राला रात्रीच्या वेळी गायला आवडे, आणि सत्रं बहुधा रात्रीचीच.

मुखपृष्ठही दाखवू. पहिल्या आवृत्तीत सिनात्रा चित्रातल्या जोडप्याकडे पाठ फिरवून बघतोय. पुढे ते बदललं आणि तो त्यांच्याकडे बघू लागला.

ब्रिटनमध्ये जुलै १९५६ मध्ये एलपींची पहिली क्रमवारी निघाली, त्यात पहिलं स्थान याच रेकॉर्डचं. अमेरिकेत दुसऱ्या स्थानापर्यंत.

७ जानेवारी

पूर्ण तालीम. गायिका चढणीनंतर आत येते तिथे अडखळत होती. वाद्यवृंदाचा आवाज इतका उंचावलेला असतो की आपणही ओरडावं असं वाटतं. मूळ परत ऐकलं. सिनात्रा तिथे जोरात आहे, पण ताणलेला नाही, कारण तो येतो त्या क्षणी वाद्यवृंद त्याच्या खालून थोडा सरकतो. आमच्या नोटेशनमध्ये त्या बारपासून ट्रंपेट काढला आणि व्हायोलिनं एक सप्तक खाली आणली. जागा झाली. तिचा आवाज आपोआप मोकळा लागला.

तुलनेसाठी दहाच मिनिटं सिनात्राच्याच १९६६ च्या सँड्स हॉटेलमधल्या प्रत्यक्ष कार्यक्रमातली आवृत्ती लावली : काउंट बेसीचा बँड, संयोजन क्विन्सी जोन्सचं. व्हायोलिनं नाहीतच. रग आहे, दणका आहे, श्रोत्यांना आवडेलच. मला मात्र १९५६ चीच आवडते. वरच्या तरंगत्या तारा गेल्या की गायकाच्या पाठीमागचं आकाश जातं.

१२ जानेवारी

काल बैठक झाली. खुर्च्या भरल्या, काही जण मागे उभे राहिले.

पूर्वार्धात एक गोष्ट न ठरवता घडली. 'यू मेक मी फील सो यंग' लावलं तेव्हा काही ज्येष्ठ श्रोते मांडीवर ताल धरू लागले, दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर. कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याकडे टाळी पहिल्यावर पडते. स्विंग दुसऱ्या-चौथ्यावर उचलतो. चांगल्या साथीनं ते त्यांच्या हाताला शिकवलं.

वादन चांगलं झालं. चढणीच्या वेळी काकांनी आवाज इतका सावकाश वाढवला की मुलं अस्वस्थ होऊन त्यांच्याकडे बघत होती. ते डोळे मिटून वाजवत राहिले. सोलोला मुलगा पहिल्या दोन बारांत खालीच राहिला आणि मग गेला. शेवटच्या खर्जाच्या आकृतीला बास क्लॅरिनेट हवं होतं, साध्या क्लॅरिनेटच्या खालच्या सुरांवर भागवलं. पुढच्या वेळी चेलो आणि क्लॅरिनेट एकत्र लिहायचं.

त्या रात्री १९५६ साली हे संयोजन पहिल्यांदा वाजवून झाल्यावर वादकांनी उभं राहून रिडलला टाळ्या दिल्या होत्या, असं मी शेवटी सांगितलं. वादकांनी संयोजकाला दिलेली ती टाळी होती. कार्यक्रमपत्रिकेवर आम्ही गायिकेच्या नावाच्या ओळीतच सगळ्या वादकांची नावं छापली, त्याच आकाराच्या अक्षरात.

१५ जानेवारी

पुढचं काम. नोटेशनचे कागद दुरुस्त करून मुलांना द्यायचे : ट्रंपेट काढलेली जागा, व्हायोलिनांचे बदललेले सप्तक, श्वासाच्या खुणा.

आणि पुढची रेकॉर्ड. मुलांची मागणी दुसऱ्या संयोजकाची आहे, म्हणजे तोच गायक वेगळ्या हाताखाली कसा बदलतो ते कळेल. बिली मेबरोबरची १९५८ ची 'कम फ्लाय विथ मी' घेऊ. मेचे सॅक्सोफोन सुरावरून सुरावर घसरत जातात. रिडलच्या संयमापेक्षा सगळा मामला मोकाट, खट्याळ. त्यासाठी सॅक्सोफोन चार तरी लागतील. काकांच्या बँडमध्ये दोन आहेत. उरलेल्या दोघांशी पौष संपायच्या आत बोलून ठेवतो म्हणालेत.